लाड बाजारातला भाव



आम्हां मराठवाड्यातल्या लोकांना हैदराबाद परके नाही. १९४८ पर्यंत आमचे जिल्हे निजामाच्याच राज्यात होते. कोर्टकचेरी असो, मोठा दवाखाना असो की लग्नाची खरेदी, आमच्या वडीलधाऱ्यांनी तिकडचीच वाट धरली. म्हणूनच घरात निकाहची तारीख ठरली तेव्हा अम्मींनी एकच हट्ट धरला, "नवरीचे लाखेचे जोडे लाड बाजारातूनच आणायचे. माझेही तिथलेच होते."

नांदेडहून रात्रीच्या गाडीने निघालो आणि सकाळी मुसी नदीवरचा नया पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलो. आज पुलाखाली काळपट, संथ पाणी दिसते. याच मुसीने सप्टेंबर १९०८ च्या पुरात हजारो माणसे नेली, हे पोरांना सांगितले तर त्यांना खरे वाटेना. पत्थरगट्टीच्या दगडी कमानींखालून पुढे गेलो, तर समोर चारमिनार. मुहम्मद कुली कुतुबशाहने १५९१ मध्ये नवे शहर वसवले, त्याच्या मधोमध ही इमारत उभी केली. वरच्या मजल्यावर मशीद आहे. पोरांचे लक्ष मात्र फोटोत. जुन्या भिंतीवर कुणीकुणी आपली नावे कोरून ठेवलेली पाहून अम्मी एवढेच म्हणाल्या, "नाव असे राहत नसते."

मर्दमंडळी जोहरच्या नमाजला मक्का मशिदीत गेली. कुतुबशाहीत सुरू झालेले हे काम १६९४ मध्ये, औरंगजेबाच्या काळात पुरे झाले. आवारात आसफजाही घराण्यातल्यांच्या कबरी आहेत. त्या वेळात आम्ही बायका लाड बाजारात वळलो.

दुकानदाराने भाव सांगितला आणि आम्ही निम्म्यावर आणला. दोनदा उठलो, दोनदा त्याने परत बोलावले. शेवटी आमच्याच भावात जोडा मिळाला, तेव्हा गड जिंकल्यासारखे वाटले. "कुठे बनतात हो या?" असे धाकटीने सहज विचारले, तर दुकानदाराने पोऱ्याला आमच्याबरोबर मागच्या गल्लीत पाठवले.

एवढीशी खोली. निखाऱ्यांची शेगडी, पंखा बंद. एक कारागीर लाख ऊन करून मऊ करत होते, लाटून तिची कांडी करत होते, वळवून टोके जुळवत होते. शेजारी त्यांची बायको गरम लाखेत एकेक खडा बसवत होती. लाख थंड झाली की खडा धरत नाही, म्हणून हात थांबवायचा नाही. दोघांच्याही बोटांची टोके भाजून निबर झालेली. हैदराबादच्या लाखेच्या बांगड्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे आम्ही कौतुकाने सांगितले. ते नुसते हसले.

"मुलगा शिकतोय का हे काम?" अम्मींनी विचारले.

"नक्को बोलता, अम्मा. गाडी पे खाना पहुंचाता." मग मान वर न करता म्हणाले, "तुम लोगां भाव तोडते ना, वो आखिर में हमारी उंगल्यां पे आता."

आम्ही एकमेकींकडे पाहिलेच नाही. मजुराला त्याची मजुरी पुरती आणि वेळेवर द्यावी, ही शिकवण आपण पोरांकडून पाठ करून घेतो. याच लग्नाच्या हॉलचे बिल आम्ही चकार शब्द न काढता भरले होते. मंडपवाल्याने सांगितला तो आकडा मान्य केला होता. आणि पैसे वाचवायला सापडली ती ही बोटे!

अम्मींनी दुसरा जोडा त्यांच्याकडूनच घेतला. त्यांनी सांगितला तोच भाव दिला. पण पहिल्या जोड्याचे ओझे त्याने उतरले असे आम्ही म्हणणार नाही.

सुट्टीत हैदराबादला जाल तर चारमिनार जरूर बघा, पोरांना वर घेऊन जा. पण मागच्या गल्लीतही एकदा डोकावा. जुने शहर नुसत्या दगडावर उभे नसते, ते अशा हातांवर चालते. फसवणूक होत असेल तर भाव जरूर करा; मात्र हाताने बनवलेली वस्तू घेताना आधी विचारा, की ही कुणी बनवली आणि त्याला किती मिळतात.

नवरीला दोन्ही जोडे दिले. कोणता कुठला, हे अम्मींनी तिला सांगितले आहे.