बाउहाउसची विणकामशाळा

'बाउहाउस' म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ठरावीक चित्रे उभी राहतात : सपाट छप्पर, काचेची भिंत, वाकवलेल्या पोलादी नळीची खुर्ची. उत्तरपत्रिकेत तेवढे लिहिले की गुणही पदरात पडतात. 'बाउहाउस शैली' हा शब्दप्रयोग तर आपण सर्रास करतो. खुद्द संस्थापक वॉल्टर ग्रोपियस यांना तो मान्य नव्हता. माझे म्हणणे असे की, या संस्थेची पारख करायची तर खुर्ची क्षणभर बाजूला सारावी आणि तिच्या विणकामशाळेत डोकावावे. बाउहाउसने जे बोलून दाखवले ते तिथे उत्तम रीतीने घडले, आणि दिलेला शब्द मोडला गेला तोही तिथेच.

शब्द काय होता? १९१९ साली वायमार येथे संस्था निघाली तेव्हा जाहीरनाम्यावर लायोनेल फायनिंगर यांनी लाकडात कोरलेले कॅथीड्रलचे चित्र होते. कलावंत आणि कारागीर यांच्यामधली उच्चनीचतेची भिंत पाडायची, हे ध्येय. प्रवेशासाठी वय वा लिंग आड येणार नाही असेही स्पष्ट केलेले होते. साहजिकच मुली मोठ्या संख्येने आल्या. इतक्या आल्या की ग्रोपियस यांना धास्ती वाटू लागली, आणि पुढच्याच वर्षापासून त्यांना मागाकडे वळवण्याचे धोरण आले. भिंत पाडायला निघालेल्यांनी घरातच दुसरी भिंत घातली, असेच मी म्हणेन.

आनी आल्बेर्स यांना काचकामाच्या विभागात जायचे होते. वाट्याला माग आला. त्यांना ते काम प्रथम नकोसे वाटले. पण माग ही मोठी शिस्तीची गोष्ट आहे. उभ्या-आडव्या धाग्यांच्या बाहेर जाता येत नाही. आकृती कागदावर कितीही सुरेख असली तरी ती धाग्यात बसली पाहिजे. 'आधी साहित्य ओळखा' हे तत्त्व इतर विभागांत शिकवावे लागे, इथे ते बोटांनाच कळत होते. पुढे आनी यांनी बेर्नाऊ येथील कामगार संघटनांच्या विद्यालयाच्या सभागृहासाठी भिंतीवर लावायचे कापड तयार केले. त्याची एक बाजू आवाज शोषून घेई. दुसऱ्या बाजूला सेलोफेन, म्हणून ती प्रकाश परतवी. या कामावर १९३० साली त्यांना पदविका मिळाली. शोभा आणि उपयोग एकाच विणीत! याहून अधिक 'बाउहाउस' असे दुसरे काय दाखवता येईल?

देसाऊला संस्था गेल्यावर, १९२७ पासून, गुंटा श्ट्योल्झल या विभागाची धुरा वाहू लागल्या. एखाद्या कर्मशाळेची पूर्ण प्रमुख झालेली स्त्री तिथे विरळाच. विणकामशाळेचे नमुने कारखान्यांतून तयार होऊ लागले; म्हणजे कला उद्योगाशी जोडण्याची जी घोषणा होती, ती या 'बायकी' विभागाने प्रत्यक्षात आणली.

यावर कुणी मारियान ब्रांट यांचे नाव पुढे करील. त्या धातुशाळेत शिरल्या आणि त्यांची १९२४ ची लहानशी चहादाणी आज सर्वपरिचित आहे. मान्य. पण सुरुवातीला तिथेही त्यांना कंटाळवाणी, हलकी कामेच देण्यात आली, हे त्यांनीच सांगून ठेवले आहे. एका अपवादाने धोरण पुसले जात नाही.

बाउहाउसवर घाव घातला तो नाझींनी : १९३२ साली देसाऊत, १९३३ साली बर्लिनमध्ये. त्या पापापुढे ग्रोपियस यांचा दोष लहान आहे, हे मी नाकारीत नाही. विणकामशाळेतल्या ओटी बेर्गर यांचा तर १९४४ साली आउश्वित्झ येथे बळी गेला. पण मोठ्या अन्यायाआड लहान अन्याय झाकू नये. आपल्या वर्गातही एखादीने कापड हा विषय घेतला की 'मुलींना ते बरे' असा शेरा अजून ऐकू येतो. आणि तो मारणारेच मिटक्या मारीत बाउहाउसच्या समतेवर बोलतात.

कलेतिहास शिकवणाऱ्या सरांना व बाईंना म्हणूनच एक विनंती आहे. पुढल्या वर्षी पडद्यावर ब्रॉयर यांची खुर्ची दाखवाल तेव्हा शेजारी बेर्नाऊचे ते कापडही दाखवा, आणि शक्य झाल्यास एक लहानसा माग वर्गात आणा. मुलांनाही त्यावर बसवा.