विश्लेषण : गाडी गरजली म्हणजे ताकद वाढली का?

बॉनेटखालचा काळा प्लास्टिकचा डबा काढायचा, त्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवायचा आणि ॲक्सिलरेटर दाबायचा. आवाज भारदस्त होतो, गाडीला पिकअप आल्यासारखे वाटते. समाजमाध्यमांवर असे व्हिडीओ पाहून अनेक तरुण काही हजार रुपये खर्चून हा बदल करून घेतात. पण तो डबा कंपनीने तिथे कशासाठी ठेवला होता, हे फार कमी जण विचारतात. आवाज आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडच्या उन्हात, धुळीत आणि पावसात त्या आवाजाची किंमत शेवटी इंजिनालाच मोजावी लागते.

इंजिनाला हवा किती लागते?

एक किलो पेट्रोल नीट जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. जास्त पेट्रोल फवारणे इंजेक्टरला सोपे असते; कठीण असते ते सिलिंडरमध्ये जास्त हवा भरणे. म्हणूनच इंजिनाची ताकद त्याला किती हवा घेता येते यावर ठरते. टर्बो नसलेले १.२ लिटरचे चार स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत साधारण १.२ लिटर हवा ओढते. मिनिटाला ६००० फेऱ्या होत असतील तर हा हिशेब मिनिटाला ३६०० लिटर, म्हणजे सेकंदाला ६० लिटर इतका होतो.

ही हवा ग्रिलजवळच्या तोंडातून नळीत शिरते, फिल्टरच्या डब्यातून गाळून पुढे जाते, थ्रॉटलच्या झडपेतून इनटेक मॅनिफोल्डमध्ये येते आणि तिथल्या वेगवेगळ्या नळ्यांतून एकेका सिलिंडरला मिळते. या सगळ्या मार्गाला मिळून ‘इनटेक’ म्हणतात. फिल्टर हा त्यातला एक भाग झाला.

मग आवाज कुठून येतो?

इंजिन हवा सलग ओढत नाही, घोटाघोटाने ओढते. प्रत्येक सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडतो, हवा आत खेचली जाते, व्हॉल्व्ह बंद होतो. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० आरपीएमवर असे सेकंदाला १०० घोट होतात, तीन सिलिंडरच्या इंजिनात ७५. प्रत्येक घोटाबरोबर दाबाची एक लाट उलटी, नळीच्या तोंडाकडे धावते. या लाटा बाहेर पडल्या की आपल्याला घरघर ऐकू येते.

पाय हलका असतो तेव्हा थ्रॉटलची झडप जवळपास मिटलेली असते आणि लाटा आतच अडतात. पाय पूर्ण दाबला की झडप उघडते आणि आवाजाला वाट मिळते. गाडी वेग घेते त्याच क्षणी आवाजही वाढतो. त्यामुळे आपले मन दोन्हींची गाठ बांधून टाकते : जेवढा आवाज मोठा, तेवढी गाडी जोरात. उघड्या फिल्टरचा सगळा बाजार या गैरसमजावर चालतो.

काळ्या डब्याचे काम काय?

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती ठरावीक सुरात घुमते. १९व्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी या घुमण्याचा अभ्यास केला. त्याच तत्त्वावर इनटेकच्या नळीला बाजूने एक बंद पोकळी जोडतात, तिला रेझोनेटर म्हणतात. तिचा आकार आणि मानेची लांबी अशी ठरवतात की, त्रासदायक सुराच्या लाटा तिथे परस्परांना मारून टाकतात. ‘हा रिकामा डबा कशाला?’ असे म्हणून गॅरेजमध्ये बहुधा हाच भाग सर्वात आधी काढला जातो.

फिल्टरच्या मोठ्या डब्याची कामे तर एकाच वेळी तीन असतात. तो फिल्टरला धरून ठेवतो, आवाज शोषतो आणि इंजिनाची गरम हवा बाजूला ठेवून बाहेरची थंड हवा आत घेतो. यातले तिसरे काम ताकदीसाठी सर्वात मोलाचे असते.

इनटेकच्या रचनेमुळे ताकद वाढतच नाही का?

वाढते, पण ती मुख्यतः मॅनिफोल्डच्या नळ्यांमुळे. व्हॉल्व्ह बंद झाल्यावर उठलेली दाबाची लाट नळीच्या दुसऱ्या टोकावरून परत येते. ती नेमकी पुढचा व्हॉल्व्ह उघडताना पोहोचली तर थोडी जास्त हवा सिलिंडरमध्ये ढकलते. लांब नळी कमी आरपीएमला आणि आखूड नळी जास्त आरपीएमला फायद्याची ठरते. बासरीत हवेच्या स्तंभाची लांबी बदलली की सूर बदलतो, तशीच ही गोष्ट आहे.

१९९१ची ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझ्दा ७८७बी या गाडीच्या इंजिनात इनटेकच्या नळ्यांची लांबी आरपीएमप्रमाणे सतत बदलत असे. रस्त्यावरच्या काही गाड्यांतही लांब आणि आखूड असे दोन मार्ग असलेला मॅनिफोल्ड असतो. बाजारात मिळणारा शंकूचा फिल्टर या नळ्यांना हातही लावत नाही. तो बदल करतो तो त्यांच्या आधीच्या भागात.

उघड्या फिल्टरने मिळते किती, जाते किती?

साधा हिशेब करू. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. समजा, पूर्ण जोरावर मूळ इनटेकमध्ये दोन ते तीन किलोपास्कल दाब वाया जातो. हा अडथळा शंभर टक्के नाहीसा झाला, तरी हवेत वाढ होईल ती दोन-तीन टक्क्यांची. आता गरमीची बाजू पाहू. हवा दर तीन अंशांनी तापली की साधारण एक टक्का विरळ होते. बाहेर ३५ अंश सेल्सिअस असताना उघडा फिल्टर वाहतूक कोंडीत बॉनेटखालची ६० अंशांची हवा ओढत असेल, तर ती हवा सुमारे साडेसात टक्के विरळ असते. म्हणजे दोन-तीन टक्के मिळवण्यासाठी सात टक्के घालवले. गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगात असेल तर बॉनेटखालची गरमी कमी होते आणि तोटाही घटतो. पण शहरातली गाडी बहुतेक वेळ सिग्नलपाशीच असते.

ताकद मोजणाऱ्या डायनो यंत्रावरचे आकडे आकर्षक दिसतात, त्याचे एक कारण हेच आहे. अनेकदा ती चाचणी बॉनेट उघडे ठेवून आणि समोर मोठा पंखा लावून होते.

या दोन-तीन टक्क्यांना अर्थ किती? पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सहा टक्क्यांनी कमी असतो. मुंबईची गाडी पुण्यात नेल्यावर ती मंदावल्याची तक्रार क्वचितच कोणी करते. मग त्याच्या निम्म्याने झालेली वाढ आपल्याला जाणवली, ती पायाला की कानाला?

टर्बो गाड्यांत तर फिल्टरनंतरचा थोडा अडथळा टर्बो स्वतःच बऱ्याच अंशी भरून काढतो, कारण हवेचा दाब किती ठेवायचा हे संगणक ठरवतो. तिथे उघड्या फिल्टरमुळे टर्बोची शिट्टी आणि पाय काढल्यावरचे ‘फुस्स’ जास्त स्पष्ट ऐकू येते, इतकेच.

गाडी बनवणाऱ्यांना हे ठाऊक आहे का?

पुरेपूर. टोयोटाच्या २०१२ मधील जीटी ८६ या स्पोर्ट्स कारमध्ये इनटेकचा आवाज वेगळ्या नळीने केबिनपर्यंत आणणारी व्यवस्था होती. २०११च्या बीएमडब्ल्यू एम५मध्ये तर इंजिनाचा आवाज स्पीकरमधून ऐकवला जाई. या दोन्ही उपायांनी ताकद वाढली नाही, चालकाचा आनंद वाढला. आवाज हवा असेल तर तो ताकदीला धक्का न लावता वेगळा देता येतो, हे कंपन्यांनीच दाखवून दिले आहे.

धूळ आणि पाऊस यांचे काय?

फिल्टरचे पहिले काम धूळ अडवण्याचे. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे बारीक, कठीण कण असतात. ते आत गेले की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती घासल्या जातात. ही झीज एका दिवसात दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी इंजिन ऑईल खाऊ लागते, तेव्हा फिल्टरची आठवणही राहिलेली नसते. सर्वच उघडे फिल्टर वाईट नसतात. पण एअर फिल्टरसाठी आयएसओ ५०११ ही प्रमाणित चाचणी आहे आणि तिचे आकडे विक्रेत्याकडे मागायला हवेत. तेल लावायच्या कापडी फिल्टरला तेल जास्त झाले, तर हवा मोजणारा सेन्सरही खराब होऊ शकतो.

पावसाचा धोका याहून मोठा. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरले आणि पिस्टन वर आला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. कंपनी इनटेकचे तोंड उंचावर ठेवते ते यासाठीही. थंड हवा मिळावी म्हणून काही किटमध्ये फिल्टर खाली, बम्परमागे बसवतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेवढा पाऊस लागत नाही. एखादा भरलेला सबवेसुद्धा अशा गाडीचे इंजिन संपवायला पुरेसा आहे. नेहमीच्या विमा पॉलिसीत अशी हानी बहुधा धरली जात नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळे कवच घ्यावे लागते. त्यात गाडीत परस्पर बदल केलेला असेल तर विमा आणि वॉरंटी दोन्हींबाबत वाद ओढवतो.

कायदा काय म्हणतो?

भारतात प्रवासी मोटारींसाठी आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे. मान्यतेसाठीची चाचणी गाडीवर मूळ इनटेक आणि सायलेन्सर असतानाच होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)नुसार आवाज आणि प्रदूषणाच्या निकषांचा भंग केल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आपल्याकडे कारवाई बहुधा सायलेन्सरवर होते. बॉनेट सहसा कोणी उघडून पाहत नाही. पण पकडले जात नाही म्हणजे शेजाऱ्यांची झोप मोडत नाही, असे नव्हे.

पिकअप हवाच असेल तर?

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये एअर फिल्टरचा अभ्यास केला. आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत चोंदलेल्या फिल्टरमुळे मायलेजवर फारसा फरक पडत नाही, असे त्यात दिसले. मात्र तो बदलल्यावर वेग घेण्याच्या वेळेत सुमारे ६ ते ११ टक्के सुधारणा होऊ शकते. म्हणजे काही हजारांच्या किटकडून जी अपेक्षा असते, ती काही शे रुपयांचा कागदी फिल्टर वेळेवर बदलून पूर्ण होऊ शकते.

तेव्हा आधी साधी कामे करावीत. धुळीच्या रस्त्यांवर वापर असेल तर फिल्टर मुदतीआधीच तपासावा. तो डब्यात नीट बसला आहे का, नळीला चीर तर नाही ना, हे पाहावे. शर्यतीसाठी किंवा संगणकाच्या नव्या ट्युनिंगसह, बंद डबा आणि बाहेरची हवा असलेला इनटेक कोणी तज्ज्ञाकडून बसवत असेल, तर तो वेगळा विषय. विक्रेत्यांनाही तीन प्रश्न विचारायला हवेत : बॉनेट बंद ठेवून ताकद किती वाढली, आत जाणाऱ्या हवेचे तापमान किती होते आणि फिल्टर धूळ किती अडवतो? उत्तर मिळाले तर विचार करावा. उत्तरादाखल नुसता आवाजच ऐकवला, तर आपण केवळ आवाज विकत घेत आहोत एवढे ओळखून ठरवावे.