खोडदला नवरा, लेण्याद्रीला बायको

पुणे-नाशिक रेल्वेचा विषय निघाला की नारायणगावात एक प्रश्न हमखास विचारला जातो : त्या दुर्बिणीने आपल्याला दिलं काय? राग समजण्यासारखा आहे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला रेडिओ लहरींचा उपद्रव नको म्हणून परिसरातल्या उद्योगांवर बंधनं आली. नियोजित सेमी-हायस्पीड रेल्वेचा नारायणगाव-मंचरकडचा मूळ मार्गही रेल्वे मंत्रालयाने याच कारणाने बाजूला ठेवला. टोमॅटो आणि कांदा पिकवणाऱ्या शेतकऱ्याला आकाशगंगेच्या पलीकडच्या हायड्रोजनचं कौतुक किती दिवस पुरणार?

पण या दुर्बिणीपायी जुन्नर तालुक्यात एक वेगळाच पाहुणा येतो आणि त्याची दखल कुणी घेतलेली नाही. तो शास्त्रज्ञ नसतो. तो शास्त्रज्ञाचा नवरा किंवा बायको असतो.

डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्यातल्या 14 खोडदजवळ एकमेकींच्या आसपास आहेत, उरलेल्या 16 इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात. त्यावर निरीक्षणाची वेळ मिळावी म्हणून जगभरातून अर्ज येतात. आता बरंचसं काम घरबसल्या होतं हे खरं. तरी प्रशिक्षणाला, परिषदेला, एखाद्या यंत्रणेच्या जोडणीला माणसं पुण्यात आणि खोडदला येतात. सोबत कधी जोडीदार येतो. वैज्ञानिक परिषदांच्या नोंदणी अर्जात त्याच्यासाठी वेगळा रकाना आणि वेगळं शुल्क असतं.

आता समजा, मंगळवार आहे. बाई सकाळीच नियंत्रण कक्षात गेल्या. (पूर्वी बहुधा साहेब जात; आता बाई शास्त्रज्ञ आणि सोबतीला नवरा हेही नवलाचं राहिलेलं नाही.) तबकड्यांच्या आवारात मोबाइल बंद ठेवायचा असतो, त्यामुळे या नवऱ्याला वेळ काढायचं ते साधनही नाही. संध्याकाळपर्यंत त्याने करायचं काय?

कागदावर पाहिलं तर त्याच्यासारखा भाग्यवान कुणी नाही. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी खोदलेली आहेत. लेण्याद्रीच्या गणपतीला जाणाऱ्या भाविकांपैकी किती जणांना ठाऊक असतं कोण जाणे, पण गिरिजात्मज बसला आहे तोही मुळात बौद्ध विहारच. युरोपातून आलेल्या माणसाला तर इथे खास गंमत आहे : जुन्नरच्या लेण्यांमध्ये ‘यवन’ दात्यांचे ब्राह्मी लेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी (टाकी) दिल्या, चिट नावाच्याने भोजनमंडप. पश्चिमेकडून आलेले हे लोक दोन हजार वर्षांपूर्वी इथे व्यापारासाठी आले असावेत आणि गावच्या धर्मकार्यात वर्गणी देण्याइतके रुळले असावेत.

नाणेघाट तर सोबत आलेल्या जोडीदाराने चुकवूच नये. कल्याण-सोपाऱ्याकडून वर येणाऱ्या व्यापारी वाटेच्या माथ्यावरच्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. कोणते यज्ञ झाले, दक्षिणा म्हणून गाई किती, घोडे किती, कार्षापण नाणी किती, याची जंत्री भिंतीवर कोरलेली. राजघराण्याच्या पुतळ्यांची आज पावलंच काय ती उरली आहेत. वरची नावं मात्र अभ्यासकांनी वाचली, त्यात खुद्द नागनिकेचंही आहे. राजांचा इतिहास सांगणाऱ्या पुराव्यांत एका राणीचा लेख इतका मोलाचा ठरावा, हे नवऱ्याच्या नोकरीमागे फिरणाऱ्या कुणालाही सुखावणारं आहे.

तसंही, कामावर आलेला माणूस अहवाल लिहितो आणि सोबत आलेला माणूस देश पाहतो, हा जुना अनुभव आहे. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड 1853 मध्ये परत गेले. त्यांच्या कारभाराचे कागद आज अभ्यासकच चाळतात. त्यांच्या पत्नीने लिहिलेलं ‘चाऊ-चाऊ’ हे 1857 चं प्रवासवर्णन मात्र त्या काळाची चव घ्यायला अजूनही उपयोगी पडतं.

तर आपला पाहुणा कसाबसा नारायणगावच्या एसटी स्टँडवर पोचतो. गाडीवरची पाटी देवनागरीत, अनेकदा आकडेसुद्धा. जुन्नरची गाडी कोणती, ओतूरची कोणती, हे त्याने विचारायचं कुणाला? लोक मदत करतात, आपल्याकडचे लोक तर हात धरून गाडीत बसवून देतील. पण परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे त्या प्रेमळ माणसालाही नेहमी ठाऊक असतंच असं नाही. पुरातत्त्व खात्याचं तिकीट असेल तिथे परदेशी माणसाला देशी माणसाच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. ते तो मुकाट्याने देतो. पण यवनांचा लेख नेमका कुठल्या लेण्यात, हे दाखवणारं माणूस त्या तिकिटात येत नाही. शेवटी डोंगर चढून-उतरून काही न कळता माघारी येण्यापेक्षा तो खोलीवर पुस्तक वाचत बसणं पसंत करतो.

जुन्नर 2018 मध्ये राज्यातला पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. जुलै 2025 मध्ये शिवनेरी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. दोन्ही अभिमानाच्याच गोष्टी. मात्र तालुक्याचं पर्यटन अजून रविवारावर चालतं. पुण्या-मुंबईची कुटुंबं स्वतःच्या गाडीतून येतात, पावसाळ्यात माळशेजला भिजतात, मिसळ खातात, रात्री परत. त्यांना ना एसटी लागते ना इंग्रजी पाटी. म्हणून पैसा वाहनतळ, कमानी आणि सेल्फी पॉइंटवर जातो. मंगळवारी एकट्याने पायी आलेला माणूस या आराखड्यात कुठेच बसत नाही.

गंमत म्हणजे याच गावांतल्या लेकी-सुना परदेशात नेमक्या याच भूमिकेत असतात. मंचर-घोडेगावची मुलं हिंजवडीत लागली, तिथून ‘ऑनसाइट’ गेली, आणि सोबत बायकोही गेली. स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात हॉटेलात उतरलेल्या प्रत्येक पाहुण्याला एक कार्ड मिळतं. त्यावर शहरातल्या ट्राम-बस फुकट आणि संग्रहालयांचं तिकीट निम्मं. जर्मनीने 2023 मध्ये 49 युरोंत महिनाभर देशभर लोकल गाड्यांनी आणि बसने फिरायचा पास काढला; पुढे तो महाग झाला, पण आहे. नवरा कामाला गेला की ही मुलगी जर्मनचा एक शब्द न येता दिवसभर फिरून येते आणि रात्री व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना सगळं दाखवते. ती काही जास्त धीट नसते. गाडीच्या थांब्यावर वेळ लिहिलेली असते, एवढंच.

जुन्नर-आंबेगावला ट्राम कुणी मागत नाही. स्टँडवर मराठीसोबत रोमन लिपीतला एक फलक, लेण्याद्री, जुन्नर, घाटघर, ओझर यांच्या गाड्यांच्या वेळांसकट, आणि अर्ध्या दिवसासाठी मिळणारी स्थानिक वाटाडी, एवढं पुरे. जुन्नर आणि मंचरच्या कॉलेजांत इतिहास शिकलेल्या मुली आहेत. त्यांना ब्राह्मी वाचायला शिकवणं एखादा पूल बांधण्याइतकं अवघड नाही. बाहेरच्या पुस्तकात मिळणार नाही ते त्या दाखवू शकतील. पाडव्याच्या आधी नारायणगावात लागलेल्या तमाशा फडांच्या राहुट्या, जिथे गावोगावचे पुढारी यात्रेची सुपारी द्यायला येतात. सकाळचा टोमॅटोचा बाजार. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, डिंभ्याच्या वर, अंगणात वाळत टाकलेला हिरडा. भीमाशंकरच्या जंगलातला शेकरू. आणि अंधार पडायच्या आत परत फिरायचं, उसाच्या कडेने एकट्याने जायचं नाही, हेही त्याच सांगतील. बिबट्याची भीती इथे पर्यटनाच्या जाहिरातीत नसते, गावात असते.

असे पाहुणे असतील किती, हा आक्षेप रास्त आहे. थोडेच. पण रविवारचा पाहुणा काही तासांत जातो, हा आठवडे-आठवडे मुक्काम करतो. शिवाय तोच फलक लेण्याद्रीला आलेल्या तेलुगू भाविकालाही वाचता येईल आणि शिवनेरीवर एकट्या आलेल्या दिल्लीच्या विद्यार्थिनीलाही.

दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान दिनानिमित्त खोडदच्या आवारात प्रदर्शन भरतं, शाळांच्या गाड्यांची रीघ लागते. वाटाड्या मुलींची पहिली तुकडी तिथेच बसवता येईल. लागेल ते एक टेबल, एक नकाशा आणि दुर्बिणीच्या कार्यालयाची परवानगी. पाहुण्याच्या खोलीत ठेवायचा एक पानी कागद तिथूनच वाटायला सुरुवात करता येईल, आणि त्यावर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत छापावी.