समन्स निघण्यापूर्वी

पोलीस तक्रार घेत नाहीत म्हणून आपली माणसे कोर्टात फिर्याद देतात आणि समन्सची वाट पाहतात. ते लगेच निघत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे मॅजिस्ट्रेट फिर्यादीचा व हजर साक्षीदारांचा जबाब शपथेवर लिहून घेतात. तो पूर्ण वाचून घेतल्याशिवाय आम्ही सही करणार नाही, एवढे ठणकावून सांगा. आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याखेरीज आता फिर्यादीची दखल घेता येत नाही. तेव्हा त्याला नोटीस गेली म्हणजे केस बुडाली असे समजू नका. दबावाने माघारही घेऊ नका. पुरेसा आधार दिसला तरच समन्स निघते, नाहीतर कारणे नोंदवून फिर्याद फेटाळतात. साक्षीदारांची यादी नसेल तर समन्स अडते. बंधू-भगिनींनो, एक खाडा परवडेल. तारीख चुकवू नका.