उंचीचा हिशेब

ग्लायडरला इंजिन नसतं. वैमानिकाचं भांडवल एकच, उंची. ती पुरवून पुरवून समोरचं मैदान गाठता येईल का, उलटा वारा किती खाईल, मधला डोंगर पार होईल का, हा हिशेब ‘एक्ससीसोअर’ क्षणाक्षणाला मांडत असतं.

आधी विकत मिळणारं हे सॉफ्टवेअर २००५ साली जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुलं झालं, म्हणूनच ते आज जिवंत आहे. ज्या खिशातल्या संगणकांवर ते वाढलं, ते बाजारातून केव्हाच गेले. स्वयंसेवकांनी मग ते अँड्रॉइडवर नेलं. इतकंच काय, कोबोच्या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावरही बसवलं. त्यात जीपीएस नाही, ते बाहेरून जोडावं लागतं. पण त्याचा कागदासारखा पडदा रणरणत्या उन्हात स्वच्छ वाचता येतो, आणि कॉकपिटमध्ये त्याचं मोल फार मोठं आहे.

चालणारं यंत्र केवळ जुनं म्हणून फेकू नये, असं आम्हाला ठामपणे वाटतं. जुना नकाशा मात्र घातक. हवाई हद्दी बदलत राहतात, त्यांच्या फायली उड्डाणाआधी ताज्या करायलाच हव्यात.

कामशेतच्या टेकड्यांवरून पॅराग्लायडर उडवणाऱ्या वाचकांपैकी ज्यांना प्रोग्रॅमिंग येतं, त्यांनी एखाद्या जुन्या यंत्रावर एक्ससीसोअर चालवून पाहावं आणि सापडलेली चूक दुरुस्त करून स्वयंसेवकांकडे परत पाठवावी.