बी.ए. सायकॉलॉजी, मग पुढे काय?



माझी पुतणी सांगलीत बी.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रवेश घेतला तेव्हा घरात सगळ्यांचा एकच सूर होता, "वेड्यांच्या डॉक्टरकीला कशाला घालताय पोरीला?" आता सूर बदललाय, "नोकरी कुठे मिळणार?" पहिल्या प्रश्नाला मी हसले होते. दुसरा मात्र रास्त आहे.

मी बी.कॉम. माझ्या वर्गातली जी मुलं सी.ए. झाली, ती आर्टिकलशिप करून. पुस्तक वाचून ऑडिट येत नाही. व्हाउचर तपासत, सरांची बोलणी खातच ते शिकावं लागतं. पण त्या शिकाऊ मुलांना संस्थेने ठरवलेलं किमान विद्यावेतन तरी मिळतं. मानसशास्त्राच्या मुलींना इंटर्नशिपमध्ये बहुतेक ठिकाणी काही मिळत नाही, उलट फी भरावी लागते.

गेल्या वर्षी पुतणीने साडेतीन हजार भरून पंधरा दिवसांची ऑनलाइन इंटर्नशिप केली. स्क्रीनवर व्याख्यानं ऐकली आणि शेवटी रंगीत प्रमाणपत्र आलं. समोर माणूस एकही बसला नाही. मी तो खर्च सरळ बुडीत खात्यात टाकला.

यंदा तिच्या मॅडमच्या ओळखीने एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सहा आठवडे जाता आलं. नातेवाइकांकडून रुग्णाची हकिगत विचारून लिहून काढायची, मुलांची बुद्ध्यांक चाचणी कशी घेतात ते शेजारी बसून पाहायचं, आपण सल्ला द्यायचा नाही. पगार शून्य, बसभाडं रोजचे साठ रुपये. छत्तीस दिवसांचे दोन हजार एकशे साठ झाले. हा खर्च मात्र मी भांडवलात धरते.

एकदा जेवताना मी विचारलं, "आपल्यातलं कुणी येतं का गं तिथे?" ती म्हणाली, "काकू, ते सांगायचं नसतं." वचनगुप्तीवर इतकी प्रवचनं ऐकली, पण त्या दिवशी मान खाली गेली ती माझी.

आता नोकरीचं. नुसत्या बी.ए.वर समुपदेशक म्हणून पाटी लावता येईल, असं समजू नका. एम.ए. नंतर शाळांमध्ये समुपदेशक, कंपन्यांत मनुष्यबळ विभाग, हेल्पलाइन, विशेष मुलांच्या संस्था अशा वाटा आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातल्या व्याख्येतच देखरेखीखालच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाची अट आहे. म्हणजे आर्टिकलशिपच की! पण त्या जागा थोड्या, स्पर्धा मोठी. आणि एम.फिल.ची पद्धत बदलते आहे, म्हणून कॉलेज आणि अभ्यासक्रम परिषदेच्या यादीत आहे का, ते फी भरण्याआधी पाहा.

प्रवेश घेताना आपण वसतिगृह विचारतो, जेवणात कांदा-लसूण असतो का विचारतो. आणखी तीन प्रश्न विचारा. प्रत्यक्ष काम कुठे मिळणार? किती तास? कोणाच्या देखरेखीखाली? गोलमाल उत्तर आलं तर दुसरं कॉलेज बघा.

आणि एक मागणी आपल्या ट्रस्टच्या मंडळींकडे. इंजिनिअर आणि सी.ए. होणाऱ्यांना आपण शिष्यवृत्ती देतो, ते चांगलंच आहे. त्याच वहीत एक पान या मुलींसाठी उघडा. महिना तीन हजार, दोन महिने, दहा मुली, एकूण साठ हजार. बसभाडं परवडत नाही म्हणून कुणी खोट्या प्रमाणपत्राकडे वळायला नको. यात ज्ञानदान आहे आणि औषधदानही.

उद्या आपल्याच घरात कुणाची झोप उडाली, कुणी बोलेनासं झालं, तर आपल्याला नीट शिकलेलं माणूस लागणार आहे. ते घडवायला आधी खर्च करावा लागतो.