प्रशिक्षकाचे श्रेय आणि जिल्ह्यांचा वाटा

सांघिक यशाचे सारे श्रेय एका व्यक्तीच्या पदरात टाकून मोकळे होण्याची सवय समाजाला जडली आहे. चंद्रकांत पंडित यांच्या कारकिर्दीकडेही बहुधा याच दृष्टीने पाहिले जाते. वऱ्हाडातील कार्यकर्त्यांनी तिचा विचार निराळ्या अंगाने केला पाहिजे.

पंडित हे मुंबईचे यष्टिरक्षक-फलंदाज, रमाकांत आचरेकरांचे शिष्य. १९८६ ते १९९२ या काळात ते भारतातर्फे ५ कसोटी व ३६ एकदिवसीय सामने खेळले. त्यांचे खरे कर्तृत्व मात्र खेळाडूपण संपल्यानंतरचे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने तीनदा रणजी करंडक जिंकला. १९९९ साली मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून बंगळूरच्या ज्या मैदानावर त्यांनी अंतिम सामना गमावला, त्याच मैदानावर २०२२ साली त्याच राज्याचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला नमविले. या दोहोंच्या मध्ये विदर्भाची दोन विजेतेपदे येतात. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाने १ जानेवारी २०१८ रोजी इंदूर येथे दिल्लीला हरवून पहिला करंडक मिळविला आणि पुढच्या वर्षी तो राखला.

पंडितांची करडी शिस्त या यशामागे होती, हे निर्विवाद. परंतु ते गेल्यावर काय झाले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. २०२५ साली उस्मान गनी प्रशिक्षक असताना विदर्भाने केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर तिसरे विजेतेपद पटकाविले. गुरू बदलला तरी यश टिकले, याचा अर्थ त्याची मुळे व्यक्तीपेक्षा खोल होती. नागपूरची निवासी प्रबोधिनी, तेथील मैदाने आणि अनेक वर्षांची गुंतवणूक यांतून ते उगवले. कसब ही केवळ दैवी देणगी नव्हे. साधने आणि शिस्तबद्ध श्रम यांच्या संयोगातून ते घडते. कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव भारताचा वेगवान गोलंदाज होतो, तेव्हा गुणवत्ता वर्ग पाहून जन्मत नाही हेच सिद्ध होते. संधी मात्र वर्ग पाहते आणि अंतरही पाहते.

येथेच वऱ्हाडाचा प्रश्न उभा राहतो. अमरावतीचा जितेश शर्मा, अकोल्याचा अथर्व तायडे ही नावे गुणांची वाण नसल्याची साक्ष देतात. पण नागपूर अमरावतीपासून सुमारे दीडशे, तर अकोल्यापासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर आहे. कापूस उत्पादकाच्या किंवा हमालाच्या मुलाला हे अंतर केवळ किलोमीटरचे नसते. १९८४ च्या दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष जिल्हावार मोजला, तो प्रदेशाच्या सरासरीत जिल्ह्याचे दारिद्र्य झाकले जाऊ नये म्हणून. मुंबई-पुण्याच्या केंद्रीकरणाविरुद्ध तक्रार करणाऱ्या विदर्भाने तेच केंद्रीकरण नागपुरात उभे करावे, हे न्यायाला धरून नाही.

वऱ्हाडाला परंपरेचा तोटा नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. व्यायाम ही श्रीमंतांची करमणूक नसून समाजाची गरज आहे, हा विचार या भूमीत रुजलेला आहे.

म्हणून मागणी नव्या पंडितांची नको. अमरावती व अकोला येथे पूर्णवेळ वेतनी प्रशिक्षक, मुला-मुलींसाठी वसतिगृह आणि शुल्काविना खुले मैदान, ही मागणी हवी. क्रिकेटच्या तिजोरीत भर घालणारा प्रेक्षक खेड्यापाड्यांतही आहे. त्याच्या मुलांचा वाटा मागणे ही याचना नव्हे, तो हिशेब आहे.